लाल गोळी आईसाठी आहे

रक्तवाढीच्या गोळ्या खाल्ल्या की पोटात बाळ मोठं होतं, मोठं झालं की अडतं, आणि अडलं की सिझर. ही साखळी इतकी नेटकी आहे की ऐकणाऱ्याला ती खरीच वाटते. सांगणारी कधी सासू असते, कधी माहेरची आई, कधी दोन-तीन बाळंतपणं पार पडलेली शेजारीण. शहरात हीच गोष्ट थोड्या निराळ्या शब्दांत येते: "औषधांनी उगाच वजन वाढवू नकोस, नॉर्मल होऊ दे." आणि उपकेंद्रातून आणलेल्या लाल गोळ्यांची पाकिटं फडताळात पडून राहतात.

या साखळीची एकेक कडी मला तपासायची आहे, कारण ती खोटी आहे आणि तिची किंमत बाई मोजते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होतं. गरोदरपणी किमान १०० दिवस लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतलेल्या आया देशात ४४ टक्के निघाल्या. सरकारी कार्यक्रमात सांगितलेले पूर्ण १८० दिवस घेतलेल्या अवघ्या २६ टक्के. उरलेल्या सगळ्यांनी भीतीपोटी गोळी सोडली असं मी म्हणत नाही. मळमळ होते, पोट जड होतं, बद्धकोष्ठता होते, कधी उपकेंद्रात गोळ्याच नसतात. पण मळमळीवर उपाय सांगता येतो, साठा मागवता येतो. भीती मायेच्या माणसाच्या तोंडून येते, म्हणून तिच्याशी वाद घालणं अवघड जातं. "तुझ्या भल्यासाठीच सांगते" असं म्हणणाऱ्या बाईला नर्सबाईंनी काय उत्तर द्यायचं?

एक गोष्ट आधीच कबूल केली पाहिजे. ही भीती मूर्खपणातून आलेली नाही. जिथे दवाखाना दोन डोंगरांपलीकडे होता, तिथे अडलेलं बाळंतपण म्हणजे बहुधा आईचा मृत्यू, नाहीतर बाळाचा, पुष्कळदा दोघांचाही. लहानपणापासून पोटभर न मिळालेली, जेमतेम पावणेपाच फूट उंचीची मुलगी, तिचं कटीर अरुंद. तिच्या पोटात बाळ बेताचं असलेलं बरं, हा अनुभवातून आलेला हिशेब होता. कर्नाटकातल्या दक्षिण कानडा भागात मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर आणि मिमी निक्टर यांनी १९८० च्या सुमारास गरोदर बायकांच्या खाण्यापिण्याच्या समजुती नोंदवल्या, तेव्हा तिथेही बाळ लहान राहावं अशी इच्छा आणि त्यासाठी जेवण आवरतं घेण्याची रीत त्यांना आढळली. आपल्याकडे "आठव्या-नवव्यात कमी जेव" असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका तोच हिशेब करत होत्या. त्यांना अडाणी म्हणून उडवून लावणाऱ्या डॉक्टरांचं वागणं मला पटत नाही. ज्यांनी डोळ्यांदेखत अडलेली बाई पाहिली आहे, त्यांना भीती वाटणारच.

त्यांची चूक दुसरीकडे आहे. अडण्याच्या भीतीला त्यांनी लोहाची गोळी जोडली, आणि तो जोड टिकत नाही.

पोटातलं बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं ते मुख्यतः साखरेमुळे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईला मधुमेह असेल आणि तो आटोक्यात नसेल, तर जास्तीच्या साखरेला तोंड द्यायला बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर, खांद्यांभोवती चरबी चढते. आईचा आधीचा लठ्ठपणा, गरोदरपणात भलतंच वाढलेलं वजन, दिवस उलटून जाणं ही बाकीची कारणं. लोहात उष्मांक नसतात. त्याची चरबी होत नाही.

मग गोळीतलं लोह जातं कुठे? संबंध गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ४५० ते ५०० मिलिग्रॅम, आईच्याच वाढलेल्या रक्ताला जातो. सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार मिळून घेतात, उरलेलं रोजच्या झिजेत जातं. बाळ आपल्या वाट्याचं लोह बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत घेतं आणि ते जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठी साठवून ठेवतं, कारण आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. आईकडेच तुटवडा असला तरी वार तिच्या रक्तातून लोह ओढत राहते, आणि आई आणखी कोरडी पडते.

आता वजनाकडे येऊ, कारण गोळीने बाळाचं वजन मुळीच वाढत नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बतूल हैदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या ४८ नियंत्रित चाचण्या एकत्र करून मांडल्या. लोह घेतलेल्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ४१ ग्रॅमने जास्त भरलं. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात हा फरक २४ ग्रॅमच्या आसपास आला, आणि तोही इतका अनिश्चित की मुळात फरक नसेलही असं म्हणायला जागा राहिली. ४१ ग्रॅम म्हणजे एका अंड्याहूनही कमी.

अडतं ते वजन नव्हे, अडतं डोकं. तेव्हा डोक्याचाच हिशेब करू. पावणेतीन किलोच्या बाळात ४१ ग्रॅमची भर म्हणजे दीड टक्का. ही भर सगळ्या अंगात सारखी वाटली गेली असं धरलं, तर लांबी-रुंदीत फरक पडतो अर्ध्या टक्क्याचा. दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याची रुंदी सव्वानऊ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे फरक झाला अर्ध्या मिलिमीटरचा. हा ढोबळ हिशेब आहे, पण कोणत्या मापाच्या गोष्टीला आपण घाबरतो आहोत ते त्यातून कळतं. सर्वसाधारणपणे मुलगा मुलीपेक्षा जन्मतः शंभरेक ग्रॅमने भारी असतो. दुसरं मूलही पहिल्यापेक्षा साधारण तितक्याच फरकाने भारी असतं. दुसऱ्या खेपेला बाळ मोठं असूनही बाळंतपण सहसा लवकर आटोपतं, हे त्याच म्हाताऱ्या बायका आपल्याहून चांगलं जाणतात.

कुणी म्हणेल, सरासरी बाजूला ठेवा, एखाद्या ठिकाणी तरी वजन जास्त वाढलं असेलच. वाढलं आहे. केनियातल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४७० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ६० मिलिग्रॅम लोह दिलं गेलं, आणि त्यांची बाळं सरासरी १५० ग्रॅमनी भारी जन्मली. मला माहीत असलेल्या आकड्यांत हा बराच मोठा आहे. तरी वरच्याच हिशेबाने डोक्यात फरक पडतो तो दीड मिलिमीटरचा. आणि तिथे सर्वाधिक फायदा झाला तो ज्या बायकांच्या अंगात मुळातच लोह कमी होतं त्यांच्या बाळांना.

नेपाळच्या तराईतल्या सर्लाही जिल्ह्यातलं काम तर थेट आपल्या वादावरच बोट ठेवतं. परुल क्रिश्चन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तिथल्या शेतकरी बायका आपल्याकडच्या बायकांसारख्याच: कृश, अर्धपोटी, राबणाऱ्या. लोह आणि फॉलिक आम्ल दिलेल्या गटात सरासरी वजन ३७ ग्रॅमने वाढलं. नुसत्या फॉलिक आम्लाने काहीच फरक पडला नाही. पण सरासरीपेक्षा महत्त्वाचं हे की अडीच किलोखालच्या बाळांचं प्रमाण ४३ टक्क्यांवरून ३४ वर आलं. याच माहितीचं पुढे अधिक बारकाईने विश्लेषण झालं, तेव्हा लोहाचा परिणाम वजनाच्या खालच्या टोकाला जास्त दिसला. जे बाळ फारच लहान राहिलं असतं, त्याला गोळीने थोडं वर उचललं. ज्या मोठ्या बाळाच्या धास्तीने गोळी फडताळात जाते, ते बाळ या गोळीमुळे घडत नाही.

आपल्याकडे तर प्रश्न लहान बाळांचा आहे. देशात वजन झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोपेक्षा कमी भरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन तिथे २.७ किलोच्या आत-बाहेर होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. अशा देशात "बाळ मोठं होईल" या भीतीने आईचं रक्त कमी ठेवायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. आणि लहान बाळ सहज सुटतं म्हणावं, तर ते पुढे सहज जगतं का? कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं, त्याला दूध ओढायचं बळ कमी असतं, जंतुसंसर्ग लवकर गाठतो, आणि लोहाचा साठाही ते तुटपुंजाच घेऊन येतं.

आता सिझर. याच राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. गोळीने बाळ मोठं होऊन सिझर वाढली असती, तर जिथे ही लाल गोळी फुकट वाटतात आणि आशाताई घरी येऊन विचारतात त्या सरकारी दवाखान्यांत ती जास्त दिसायला हवी होती. दोन्हीकडे जाणाऱ्या बायकांत वयाचा, आजारांचा, ऐपतीचा फरक असतो हे खरं. पण तिपटीहून मोठी तफावत अर्ध्या मिलिमीटरमधून येत नाही. तिची कारणं दवाखान्याच्या व्यवहारात, वेळेच्या सोयीत, कज्ज्याच्या धास्तीत आणि काही वेळा खऱ्या गरजेत आहेत. सिझरची भीती वाटते तर प्रश्न तिथे विचारायला हवा. तो गोळीच्या पाकिटाला विचारून उपयोग नाही.

इथवर मी घरातल्या मंडळींशी बोलले. आता आमच्याच बाजूच्या लोकांशी बोलायचं आहे, आणि माझा खरा राग तिथे आहे.

गोळी घ्यावी म्हणून आरोग्य खात्याची माणसं, मासिकं, व्याख्यानं बाईला काय सांगतात? "गोळ्या घे, बाळ गुटगुटीत होईल." भिंतीवरच्या चित्रात गुबगुबीत गालांचं बाळ. जिला बाळ मोठं होण्याचीच धास्ती आहे, तिला आम्ही बाळ मोठं होण्याचंच आमिष दाखवतो. ती घरी जाऊन सांगते, "नर्सबाई म्हणाल्या, गोळीने बाळ मोठं होतं." सासू म्हणते, "मी वेगळं काय सांगत होते?" अफवेला शासकीय शिक्का आम्हीच मारतो. आणि ते आश्वासन खरंही नाही, कारण गोळीने बाळ गुटगुटीत होत नाही. फार तर चाळीस ग्रॅम. पुढे बाळ सव्वादोन किलोचं जन्मलं की तीच बाई म्हणते, "एवढ्या गोळ्या खाल्ल्या, काय उपयोग झाला?" तिची धाकटी जाऊ गोळी घेत नाही.

याच मापाने मोजणारे काही शिकलेले लोकही आहेत. ते म्हणतात, इतक्या कोटी गोळ्या वाटून वजनात पंचवीस-चाळीस ग्रॅमचाच फरक पडत असेल, तर हा कार्यक्रम हवा कशाला? घाबरणारी सासू, आमिष दाखवणारा फलक आणि आकडेवाला टीकाकार, तिघांनीही बाळाचं वजन हाच एक तराजू धरला आहे. त्यात आई कुठेच नाही.

ही गोळी आईसाठी आहे. कॉक्रेनच्या ज्या आढाव्यात बाळाच्या वजनाचा फरक अनिश्चित निघाला, त्याच आढाव्यात दिवस भरताना आईला रक्तक्षय असण्याचा धोका गोळीने ७० टक्क्यांनी घटलेला दिसला. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव होतोच. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई अर्धा-पाऊण लिटर रक्त गेलं तरी तग धरते. ज्या बाईचं ७ आहे, तिचं तेवढंच रक्त गेलं की तिचं हृदय दमतं, आणि रक्ताची पिशवी तालुक्याच्या गावी असेल तर ती पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे अडण्याच्या भीतीने गोळी टाळणारी बाई बाळंतपणातल्या दुसऱ्या, जास्त मोठ्या संकटाला निःशस्त्र सामोरी जाते. दमून जाणं, जिना चढताना लागणारी धाप, बाळंतपणानंतर महिनोन्महिने न भरून येणारी झीज हे सगळं बाई "असायचंच" म्हणून सोसते. ते असायचं कारण नाही.

बाळाचाही फायदा आहे, पण तो काट्यावर दिसत नाही. सर्लाहीतल्या त्या आयांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर तपासली गेली. गरोदरपणी लोह आणि फॉलिक आम्ल मिळालेल्या आयांची मुलं स्मरणशक्तीच्या आणि हाताच्या बारीक कामांच्या चाचण्यांत सरस ठरली.

एका आक्षेपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. फिलिप स्टीअर यांनी १९९५ मध्ये लंडनच्या वायव्य भागातल्या दीड लाखाहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वांत भारी बाळं निघाली ती साडेआठ ते साडेनऊ हिमोग्लोबिन असलेल्या आयांची. यावरून कुणी म्हणतं की रक्त पातळ होणं चांगलंच, गोळी कशाला? पण गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, आणि तो चांगला वाढला की हिमोग्लोबिन विरळ दिसतं. ते निरोगी गरोदरपणाचं लक्षण आहे. आपल्याकडे हिमोग्लोबिन उतरतं त्यामागे बहुधा लोहाचा रिकामा साठा असतो, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट बाजूही सांगते: इराणमध्ये १३.२ हून जास्त हिमोग्लोबिन असलेल्या बायकांना लोह दिलं, तेव्हा त्यांच्यात रक्तदाब वाढण्याचं आणि बाळ लहान राहण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे भरलेल्या साठ्यात लोह ओतत राहणं बरं नाही. पण तिथेही बाळ लहान राहिलं, मोठं झालं नाही! गोळीने गरोदरपणातला मधुमेह होतो या शंकेची तपासणी हाँगकाँगमध्ये ११६४ बायकांवर झाली. मधुमेह वाढला नाही, आणि दिवसांच्या मानाने लहान राहिलेली बाळं कमी झाली.

म्हणून हिमोग्लोबिन तपासणं गोळीइतकंच महत्त्वाचं. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलची तपासणीही व्हायला हवी, कारण प्रत्येक फिकट बाई लोहाअभावीच फिकट असते असं नाही.

"गोळी कशाला, बीट आणि डाळिंब खा" हा सल्ला तर सुशिक्षित घरांत फार चालतो. रंग लाल म्हणून रक्त वाढेल, एवढाच त्याला आधार. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. भाकरी-भाजी-डाळीच्या जेवणातलं लोहही अंगी लागतं ते फार थोडं. अनेक वर्षं रिकामा होत गेलेला साठा पाच-सहा महिन्यांत ताटातून भरत नाही. पण ताटही कमी मोलाचं नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं भरलेली निघाली, आणि कृश आयांमध्ये हा संबंध जास्त ठळक होता. बाळाच्या वाढीची काळजी असेल तर तिला पोटभर चौरस जेवण द्या. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, ते याचसाठी. आणि गोळीत लोहासोबत जे फॉलिक आम्ल आहे, त्याच्या शोधाची वाटही मुंबईतूनच गेली आहे. १९२८ पासून लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरने इथल्या गिरणीकामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. गरीब गरोदर बाईचा फिकटपणा हा आजार आहे, तिचं नशीब नव्हे, हे तिने शंभरेक वर्षांपूर्वी मानलं होतं.

तेव्हा आशाताई दारात उभी राहील तेव्हा तिने बाळाच्या गालांबद्दल बोलू नये. सासूलाही समोर बसवावं आणि म्हणावं: "आजी, या गोळीने बाळ मोठं होत नाही. हिच्या अंगातलं रक्त भरून येतं, म्हणजे बाळंतपणात रक्त गेलं तरी ही तगेल." चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दोन. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौच काळी होईल, त्याने घाबरायचं नाही, आणि त्या काळेपणाचा बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही. जंताची गोळी चौथा महिना लागल्यावर एकदा. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. एवढं करूनही हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढलं नाही, तर बाईवर "खाल्ल्याच नसतील" असा आरोप न करता तिला पुढच्या दवाखान्यात पाठवायचं, कारण शोधायचं आणि गरज पडली तर शिरेतून लोह द्यायचं. ७ च्या खाली असेल तर महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी न्यायचं.